प्रश्न माणदेशीत, उत्तर पुणेरीत

मराठीतली शेतीची कुठलीही जाहिरात डोळे मिटून ऐका. बियाण्याची, ठिबकची, खताची, कसलीही. सुरुवातीला एक शेतकरी नाहीतर शेतकरीण बोलते. तिची काहीतरी अडचण असते. "औंदा डाळिंबाला तेल्यानं पार धुतलंय बगा, काय करावं कळंना झालंय." मग दुसरा आवाज येतो. स्वच्छ, संथ, कुठल्याच गावचा नसलेला. तो उपाय सांगतो. कंपनीचं नाव आणि घोषवाक्यही तोच सांगतो. म्हणजे प्रश्न माणदेशीत आणि उत्तर पुणेरीत. पन्नास जाहिराती ऐका, हा क्रम उलटा झालेली एक सापडली तर मला कळवा.

हे मी खात्रीने सांगते, कारण यातले दोन्ही आवाज अनेकदा माझेच असतात. माझं गाव म्हसवडपासून जवळ, माण तालुक्यात. पहाटे मी एका मराठी वृत्तवाहिनीवर बातम्या वाचते आणि दुपारनंतर जाहिरातींना, कार्टूनना, डब केलेल्या सिनेमांना आवाज देते. एकदा एका जाहिरातीत तेल्यानं हैराण झालेली बाई आणि तिला औषध सांगणारी तज्ज्ञ अशा दोघी मीच होते. अर्ध्या तासात काम संपलं. बिल एकाच आवाजाचं झालं. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, ते गावाकडचं तर तुमचं नॅचरलच आहे ना!" म्हणजे जे शिकून मिळवलं त्याचे पैसे, आणि जे आईकडून आलं ते फुकट.

माझी तक्रार या हिशेबाबद्दल आहे. पण पैसे हा त्यातला लहान भाग.

आधी कामाबद्दल सांगते, कारण टीव्हीवर दिसणारी बाई नुसती नटूनथटून वाचते असं बऱ्याच जणांना वाटतं. सहाच्या बातमीपत्रासाठी मी साडेतीनला उठते. गाडीत कोमट पाणी. आदल्या रात्रीपासून दही, लोणचं बंद. मेकअपच्या खुर्चीत बसल्या बसल्या रनडाऊन वाचून घ्यायचा, म्हणजे कुठली बातमी कुठल्या क्रमाने येणार ती यादी. मग स्टुडिओ. समोर टेलिप्रॉम्प्टरवर अक्षरं सरकतात, कानात टॉकबॅकवर निर्माता बोलत असतो: तीस सेकंद, फोनो लागला नाही, पुढची बातमी उडव, व्हिज्युअल नाहीत तोवर बोलत राहा. तोंड एक वाक्य पूर्ण करत असतं आणि कान दुसरंच ऐकत असतात. ब्रेकिंग आली की प्रॉम्प्टर कोरा होतो. हातात चार गोष्टी असतात आणि त्या चार गोष्टींवर चाळीस मिनिटं काढायची असतात, नवीन काही कळल्याचा आव न आणता आणि कंटाळलेलं न दिसता. हे कौशल्य आहे. मला ते येतं, आणि मी ते मेहनतीने कमावलंय.

प्रमाण उच्चारही मी तसेच कमावले. लहानपणी गोठ्यात शेण भरताना मी प्रदीप भिडेंची नक्कल करायचे. संध्याकाळी दूरदर्शनवर ऐकलेली वाक्यं सकाळी म्हशींना ऐकवायची. पुढे रीतसर शिकले. 'हाय'चं 'आहे' केलं, 'येळ'ची 'वेळ' केली, 'इहीर'ची 'विहीर' केली. याचा मला पश्चात्ताप नाही. एखादी गायिका चौथा सूर पट्टी करून गाते तशी मी प्रमाण मराठी बोलते, आणि चांगली बोलते. फक्त आई कधीतरी फोनवर मधेच थांबवते. "अगं, माझ्याशी बोलतीयास का बातम्या देतीयास?"

पण ज्या शुद्धतेसाठी एवढा खटाटोप केला, तिची रोजची अवस्था न्यूजरूममध्ये बसून बघा. स्क्रिप्टमध्ये 'माण'चं 'मान' होऊन येतं. 'दहिवडी'ची 'दहीवाडी' होते. 'म्हसवड'च्या जागी 'म्हैसवड' मी स्वतः दोनदा दुरुस्त केलंय. कुकुडवाड, वरकुटे-मलवडी, राणंद ही नावं आली की वाचणारा असा अडखळतो, जणू ती परदेशातली आहेत. गंमत म्हणजे याच लोकांना परदेशातली नावं बिनचूक येतात. युरोपातल्या फुटबॉलपटूचं नाव चुकलं तर दिवसभर हसू होतं. राणंद चुकलं तर कोण हसणार?

आता एक छोटा प्रयोग करा. मोठ्याने म्हणा: चार. एक, दोन, तीन, चार. आता म्हणा: चारा. जनावरांचा चारा. अक्षर तेच, पण जीभ वेगळ्या जागी गेली ना? 'चार'मधला च टाळूवर आणि 'चारा'मधला दातांपाशी. तसंच जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाण्याचा. देवनागरीत हा फरक लिहायची सोय नाही. तो ऐकूनच येतो. हिंदी आणि इंग्रजी ऐकत वाढलेले माझे अनेक सहकारी आता सगळे च टाळूवरच म्हणतात. टँकरच्या, दुष्काळाच्या बातमीत ते गंभीर चेहऱ्याने 'च्यारा छावणी' म्हणतात. २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला जी छावणी होती, तिथे माणसं आपल्या जनावरांसोबत महिनोन्‌महिने राहिली. त्यातल्या एकाही माणसाच्या, अगदी चार वर्षांच्या पोराच्या तोंडूनही तुम्हाला 'च्यारा' ऐकू आला नसता. मग शुद्ध कोण बोलतंय? माझ्या गावातला म्हातारा 'न्हाय' म्हणतो म्हणून तो अशुद्ध, आणि मराठीचा अर्धा च हरवून बसलेली निवेदिका शुद्ध?

या शुद्धतेचं खरं नाव सवय आहे. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थ आणि कँडी या साहेबांनी पुण्या-मुंबईच्या शास्त्र्यांना हाताशी धरून मराठीचे कोश आणि शाळेची पुस्तकं घडवली. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला. ज्यांना विचारलं त्यांची मराठी प्रमाण ठरली. माणदेशातल्या मेंढक्याला कुणी विचारलं नव्हतं. (पुण्यात राहणारे सगळे पुणेरी बोलतात असं मी मुळीच म्हणत नाही. पुण्यातल्या निम्म्या रिक्षांत आमचीच माणसं आहेत.) प्रमाणभाषा असू नये असंही माझं म्हणणं नाही. गोंदियापासून वेंगुर्ल्यापर्यंत कळेल असं काहीतरी हवंच. पण 'कळेल' हे कारण जिथे तिथे पुढे केलं जातं, ते मला पटत नाही. 'सैराट' २०१६ साली आला. तो करमाळ्याच्या मराठीत होता आणि महाराष्ट्रभर कळला. 'लागिरं झालं जी' साताऱ्याच्या बोलीत घरोघरी चालली, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरच्या बोलीत. आर्चीचं बोलणं मुंबईला कळतं, मग तिच्या गावच्या टँकरची बातमी तिच्या भाषेत कळणार नाही?

म्हणजे बोलीला टीव्हीवर बंदी आहे असं नाही. तिला हसायची परवानगी आहे. प्रेमात पडायची, शिव्या द्यायची, बापाविरुद्ध बंड करायचीही आता मिळालीय. परवानगी नाही ती एकाच गोष्टीची: जगात काय घडलं ते सांगायची. बोलीतल्या माणसाला भावना असतात, माहिती नसते, असं या धंद्याने ठरवून टाकलंय.

बातम्यांच्या पॅकेजमध्येही हेच. गावातली बाई 'बाइट'मध्ये येते, रडते, "आमचं लेकरू गेलं वं" म्हणते. किती मेले, का मेले, जबाबदार कोण, हे तिच्यानंतर व्हॉइस-ओव्हर सांगतो. कित्येकदा ते त्या बाईलाच जास्त नीट माहीत असतं. पण तिच्याकडून आपण फक्त रडणं घेतो.

साहित्यात ही लढाई कधीच लढून झाली, हे वाईट वाटण्यासारखं आहे. व्यंकटेश माडगूळकर आमच्या मुलखातलेच, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. 'माणदेशी माणसं' १९४९ सालचं. त्या माणसांनी मराठी कथा बदलली. पण पुस्तक पुन्हा उघडून बघा: माणसं बोलतात माणदेशीत, आणि त्यांच्याबद्दल सांगणारा लेखक सांगतो प्रमाण मराठीत. संवाद बोलीत, निवेदन प्रमाणात. माडगूळकरांना मी नावं ठेवत नाही, ठेवायची माझी लायकीही नाही. त्या काळात त्यांनी जे केलं तेच केवढं मोठं होतं. पुढे पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांतही त्यांनी अनेक वर्षं काम केलं. मग १९७१ साली आनंद यादवांची 'गोतावळा' आली आणि निवेदनच बोलीत शिरलं. शेतावरचा गडी नारबा स्वतःच सगळं सांगतो. दुरून सांगणारा कुणी उरलाच नाही. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं. कादंबरीतल्या निवेदकाला जे मिळालं होतं ते टीव्हीवरच्या निवेदकाला अजून मिळालेलं नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे: बोलीत बातमी दिली तर लोक हसतील, विश्वास ठेवणार नाहीत. हे इंग्लंडमध्येही बोलून झालंय. १९४१ साली, ऐन युद्धात, बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. तोवर तिथे एकाच उच्चभ्रू वळणाचं इंग्रजी चालायचं. पिकल्स आपल्या गावाकडच्या उच्चारात वाचायचा आणि उत्तरेच्या लोकांना त्यांच्याच ढंगात शुभरात्री म्हणायचा. श्रोत्यांनी तक्रारी केल्या. त्याला बसवण्यामागचं एक कारण असं सांगतात की जर्मनांना बीबीसीच्या ठरावीक आवाजाची नक्कल करून खोटी बातमी पसरवणं सोपं होतं, यॉर्कशरची नक्कल अवघड गेली असती. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. कारण आज माझ्यासमोर प्रश्न नकलेचाच आहे.

२६ मे २०२४ रोजी डीडी किसानवर 'क्रिश' आणि 'भूमी' आले. दोघंही संगणकाने बनवलेले निवेदक. पन्नास भाषांत बोलू शकतात, चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस, न थकता, असं कौतुकाने जाहीर झालं. देशातली शेतकऱ्यांची म्हणून जी सरकारी वाहिनी आहे, तिनेच हे आधी करावं यात मला काही योगायोग वाटत नाही. शेतकऱ्याला उत्तर देणारा आवाज कुठल्याच गावचा नसावा ही जुनीच इच्छा आहे. आता तो माणसाचाही नसला तरी चालतो, एवढंच.

मला यंत्राची भीती वाटत नाही. यंत्राला आपण काय शिकवतोय त्याची वाटते. गेल्या वर्षी एका कंपनीने मला विचारलं. माझ्या आवाजात कित्येक तासांचं रेकॉर्डिंग हवं होतं, त्यावरून आवाज तयार करणार होते. बातम्या, सूचना, बँकेचे निरोप, आरोग्याची माहिती हे सगळं प्रमाण मराठीत. शेवटी एक वेगळं पान: 'रुरल, फिमेल, फनी'. त्यात सासूला टोमणे, म्हैस हरवली, नवरा दारू पिऊन आला असली वाक्यं. त्या पानावर पावसाचा अंदाज नव्हता. औषध किती वेळा घ्यायचं ते नव्हतं. एक आकडा नव्हता. म्हणजे उद्या हे यंत्र माणदेशी बोलेल ते फक्त फिदीफिदी हसायला. आज जी सवय आहे ती उद्या कोडमध्ये पक्की होणार, आणि कोडला आईचा फोन येत नाही. नमुना म्हणून त्यांनी तयार झालेला एक आवाज ऐकवला. मी त्याला 'चारा छावणी' वाचायला लावलं. अपेक्षेप्रमाणे 'च्यारा'.

करारात लिहिलं होतं की आवाज कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत वापरता येईल. मानधन एकदाच. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची अशी नक्कल करण्याला मनाई केली, आणि ते योग्यच झालं. पण तो अरिजित सिंग आहे. त्याचा आवाज चोरला तर देश ओळखतो. "पुढचं स्थानक" सांगणाऱ्या बाईचा चोरला तर कोण ओळखणार? आमच्या धंद्यात यश म्हणजेच आवाज ओळखीचा आणि नाव अनोळखी. मी सही केलेली नाही. मी दोन अटी कळवल्या: मुदत ठरवा, आणि माणदेशीत बातम्यांचं, औषधाचं, पावसाचं पान घाला. उत्तर आलेलं नाही.

"पावसाचं पान कशाला, तो तर कळतो," असं मला एका मित्राने विचारलं. आम्ही वाचतो ते असं असतं: तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या सरी. हे बांधावरच्या माणसाला सांगून बघा. त्याला विचारायचं असतं की वळीव आहे का झड लागणार, वल किती खोल जाईल, वापसा कधी येईल. पेरणीचा निर्णय यावर असतो आणि पेरणीवर वर्ष. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात पावसाचे इतके बारकावे असलेली भाषा उगीच तयार झालेली नाही. ती अचूक आहे. 'हलक्या ते मध्यम' ही भाषा अचूक दिसते, एवढंच.

माणमध्ये या भाषेत बोलणारं एक केंद्र आहे. म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' हा सामुदायिक रेडिओ २००८ पासून चालतो, ९०.४ वर. गावच्याच बायाबापड्या तिथे बोलतात, गातात, शेतीचं सांगतात. सरकारचं सामुदायिक रेडिओचं धोरणही म्हणतं की कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत असावेत. वाचून बरं वाटतं. पण त्याच धोरणात असंही आहे की अशा केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या चालतात. खासगी एफएमचीही तीच गत. म्हणजे जिथे बोली आहे तिथे बातमीला मनाई, आणि जिथे बातमी आहे तिथे बोलीला. पहिली मनाई निदान कागदावर लिहिलेली आहे, कोर्टात नेता येते. दुसरी कुठेच लिहिलेली नाही. ती "मॅडम, जरा न्यूट्रल ठेवा ना" या वाक्यात राहते.

मला काय हवंय ते साधं आहे. रोजच्या एका बातमीपत्रात जिल्ह्याची बातमी त्या जिल्ह्याच्या बोलीत. वार्ताहर गावचाच असतो. कॅमेरा सुरू झाला की तो घशात पुणं घालतो, ते घालू नको एवढंच त्याला सांगायचं. हे असं ऐकू येईल: "माण तालुक्यातल्या चारा छावण्या उद्यापासनं बंद व्हणार हायत. जनावरं घिऊन आल्याल्या लोकांनी कुठं जायाचं, ह्ये अजून कुणी सांगितल्यालं न्हाय." यातलं काय कळलं नाही? आणि यात हसण्यासारखं काय आहे?

वाहिन्या हे करतील तेव्हा करोत. दर रविवारी मी फोनवर तीन मिनिटांचं बातमीपत्र माणदेशीत रेकॉर्ड करते आणि नातेवाइकांच्या, गावच्या ग्रुपवर टाकते. आमच्या भागातली पुष्कळ माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलीत, ती ऐकतात. पहिल्या रविवारी हसणाऱ्या बाहुल्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या रविवारी जरा कमी. तिसऱ्या रविवारी तमिळनाडूतून एका चुलत्यांचा व्हॉइस मेसेज आला, "पोरी, आटपाडीच्या बाजारात बकऱ्याचा दर काय निघाला, त्ये बी सांगत जा." मी आटपाडीच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. त्यांनी विचारलं, "टीव्हीवर सांगणार हाय का?"

"न्हाय, आपल्या ग्रुपवर."

"मग खरा दर सांगतो, लिवून घे."